डाव्या बाजूची मिरची

अक्का, तुम्ही गेल्यामुळे पोकळी वगैरे काही निर्माण झालेली नाही. उलट घरात पाय ठेवायला जागा नाही. चोपड्याहून, शिरपूरहून, एरंडोलहून माणसं येताहेत, ओट्यावर बसताहेत, चहा पिताहेत आणि तुमच्याबद्दल इतकं गोड बोलताहेत, की ही बाई कोण असा मलाच प्रश्न पडतो. काल एक बाई म्हणाल्या, "अक्का कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत." मी चटकन मान खाली घातली आणि चहाच्या कपाच्या कानाकडे बघत बसले. लोकांना वाटलं, धाकट्या जावेला भरून आलं. भरून आलं होतंच, पण त्याआधी हसू आलं होतं. हसू आवरायचं असेल तर कुठे बघायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

ते एरंडोलच्या लग्नात. माझं स्वतःचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. वैशाखातलं ऊन, मांडवात पंगत बसलेली, आणि मुलीचे वडील आग्रह करत फिरत होते. लग्नासाठी त्यांनी मिशा काळ्याभोर केल्या होत्या. घामाने तो रंग सुटला होता आणि हनुवटीवरून ओघळत पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरपर्यंत पोचला होता. तुम्ही माझ्या मांडीला चिमटा काढून हळूच म्हणालात, "नलू, तिकडे देखू नको."

झालं. तोवर मी मुळीच बघत नव्हते. आता मला त्या मिशांशिवाय काही दिसेचना. ते जिलबीचं ताट घेऊन पुन्हा आपल्यासमोर उभे राहिले तेव्हा माझ्या तोंडातल्या पाण्याचा फवारा उडायचाच बाकी होता. तुम्ही माझ्या ताटात बोट रोवलंत. "जिलबी देख. तिले कितला वेढा शेत ते देख." मी जिलबीचे वेढे बघू लागले आणि वाचले. घराण्याची अब्रूही वाचली. तुम्ही स्वतः मात्र पदर तोंडाला लावून खोकत होतात, आणि तो खोकला नव्हता.

परतीच्या जीपमध्ये मी तुम्हाला शास्त्र सांगायला घेतलं. धुळ्याच्या कॉलेजात मला नुकतीच मानसशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती, आणि नवशिक्याला जसा सगळीकडे आपलाच विषय दिसतो तसं माझं होतं. मी म्हणाले, अक्का, नजर म्हणजे नुसते डोळे नव्हेत. समोर हजार गोष्टी असतात, त्यातल्या नऊशे नव्याण्णव मेंदू दाबून ठेवतो म्हणून एक दिसते. बघणं सोपं, न बघणं कष्टाचं. आणि 'तिकडे बघू नकोस' एवढंच सांगितलं तर मेंदू आधी त्या जागेवर खूण करून ठेवतो, मग नजर तिथेच ओढली जाते. तिला दुसरी जागा द्यावी लागते.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंग मी दुसरं काय सांगं तुले? जिलबी देख, हाईच ना?" थोड्या वेळाने पुन्हा, "अन् हाई शिकाडाना तुले पगार मियस?"

त्या दिवसापासून आपला जो वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत चालला. शेजारणी म्हणायच्या, या दोघी जावा भांडतात कशावरून तर डोळे इकडे का वळतात आणि तिकडे का वळत नाहीत यावरून. बाकीच्या घरांत जावा वाटण्यांवरून भांडतात. आपण त्या मानाने सुखी होतो. माझ्याबद्दल तुम्ही गावभर सांगायच्या, "कानामागून आली अन् तिखट झाली," आणि मी धुळ्याहून येणार असले की माझ्यासाठी शेवभाजी करून ठेवायच्या. दोन्ही गोष्टी तुम्ही तितक्याच मनापासून करायच्या.

आपला सगळ्यात मोठा वाद चष्म्याचा. तुमचा चष्मा हरवला होता आणि तुम्ही भिंतीतल्या दिवळीत बघत होतात. मग कपाटावर, मग पुन्हा दिवळीत. मग खाटेखाली, आणि परत दिवळीत. मी म्हणाले, अक्का, मेंदूचा एक नियम आहे. जिथे एकदा बघून झालं तिथे तो लहानसा अडसर घालतो, नजर तिथे लगेच परत जाऊ नये म्हणून. नाहीतर माणूस एकाच जागी बघत बसेल आणि नवीन काही सापडायचंच नाही. शेतात कापूस वेचताना वेचलेल्या झाडावरून नजर आपोआप पुढच्या झाडावर जाते ना, तसं.

तुम्ही कमरेवर हात ठेवलेत. "मंग मी तठेच तठेच कसाले धुंडस?"

मी म्हणाले, तो अडसर फार वेळ टिकत नाही. क्षण दोन क्षण. मग निघून जातो.

"दोन क्षणना नियम? असा नियम तं ल्हान पोरे बी करतस. तुना नियमले मनं घर माहीत नही, नलू."

चष्मा तुमच्या डोक्यावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो मी काढून हातात दिला, पण वाद माझ्या बाजूने लागला असं तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. तुमचं म्हणणं एकच. ज्या वस्तूवर जीव असतो तिच्या जागी नजर पुन्हा पुन्हा जातेच, मग कितीही अडसर घाला. माझं म्हणणं, ही जीवाची गोष्ट नव्हे, अंदाजाची आहे. वस्तू जिथे असायला हवी असं मेंदूला वाटतं तिथे तो परत जातो. "एकच झालं," असं तुम्ही म्हणायच्या. मी म्हणायचे, एक नाही. असा तो वाद पडून राहिला.

मग त्या हिवाळ्यात, ऐन भरताच्या दिवसांत, तुमच्या मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. जळगावच्या दवाखान्यातून तुम्ही घरी आलात तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बोलणं स्वच्छ. शिव्या स्वच्छ. डावा हात जरा ढिला होता, पण मालिशीने तो येईल असं सांगितलं होतं. डॉक्टरांनी मीठ आणि तिखट कमी करायला सांगितलं, आणि इथे चमत्कार झाला. तुम्ही ठेचा सोडलात.

आपल्याकडे पान कसं वाढतात हे काय सांगायचं? उजवीकडे भाजी, वरण. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, ठेचा. तर उजवीकडचं सगळं तुम्ही चाटूनपुसून खायच्या आणि डावीकडच्या ठेच्याला बोटही लावायच्या नाहीत. तुमची सून ज्योती रोज मुद्दाम चिमूटभर ठेचा वाढून बघायची, तो रोज तसाच. घरभर तुमचं कौतुक. आबांनी तर, म्हणजे तुमच्या यजमानांनी, जे दिवसात चार वाक्यं बोलतात, ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं, "अक्का सुधरी गयी." मला फोनवर ही बातमी कळली तेव्हा मी बॅग भरली. ज्या बाईने बाळंतपणातसुद्धा पोळीत लपवून मिरची खाल्ली, ती डॉक्टरच्या सांगण्यावरून ठेचा सोडेल यावर माझा विश्वास बसेना.

धुळ्याहून शिरपूर, शिरपूरहून चोपडा, पुढे रिक्षा. मी आले तेव्हा तुम्ही जेवत होतात. मी दारातून येऊन तुमच्या शेजारी डाव्या बाजूला बसले आणि "काय अक्का" म्हणाले. तुम्ही उजवीकडे मान वळवून दाराच्या पलीकडे, कणग्यांच्या दिशेने बघत म्हणालात, "नलू? कोठे शे वं? आवाज येस तुना, तू दिसत नही."

मी तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. ताटात बघितलं तर भाकरीचा उजवा अर्धा भाग संपलेला, डावा अर्धा तसाच, जणू सुरीने मधोमध कापून ठेवला होता. आणि तुम्ही ज्योतीवर कुरकुरत होतात, "मनं ताट अर्धंच वाढस ही पोर. भाकर बी अर्धी." ज्योती बिचारी दाराशी डोळे पुसत उभी होती. नावडतीचं मीठ अळणी तसं तिचं झालं होतं.

मला काही सुचायच्या आत आबा पुढे आले. अन्न वाया जाऊ नये ही त्यांची जन्माची शिस्त. तुमचा उरलेला ठेचा आपण संपवावा म्हणून त्यांनी तुमचं ताट स्वतःकडे फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली. तुमची नजर ताटात गेली आणि तुम्ही आबांचं मनगट धरलंत.

"इतला वखत हाऊ ठेचा कोठे लपाडेल व्हता?"

आणि अर्धी भाकरी आणि सगळा ठेचा तुम्ही आम्हा सगळ्यांकडे रागाने बघत संपवलात. ज्योती रडता रडता हसायला लागली. मी पण. तुम्हाला वाटलं, आम्ही ठेचा पकडला गेला म्हणून हसतोय.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला समजावायला बसले. तुमचे डोळे चांगले आहेत, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलेत. पण डावीकडे लक्ष वळवणारी मेंदूतली जागा दुखावली आहे. डावीकडचं डोळ्यांत शिरतं, पण मनापर्यंत पोचत नाही. "मी आंधळी शे का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, नाही. "मंग मी बठ्ठं देखस." सगळं दिसतं म्हणून तुम्ही विषय संपवलात. ज्याला अर्धं जग दिसत नाही त्याला ते दिसत नाही हेही दिसत नाही, ही यातली खरी अडचण. वर्गात हे वाक्य मी किती सहज सांगायचे.

शेवटी मी आपल्या दोघींचंच उदाहरण घेतलं. म्हणाले, अक्का, मेंदूत दोन जावा आहेत. एक लक्ष डावीकडे ओढते, दुसरी उजवीकडे. शिवाय प्रत्येक जाऊ दुसरीला दाबून धरते, फार पसरू देत नाही. दोघी धडधाकट असल्या की चूल बरोबर मध्ये राहते. आता तुमच्या मेंदूतली डावीकडे ओढणारी जाऊ आजारी पडली आहे. दुसरीला अडवायला कोणी नाही, म्हणून ती सगळं उजवीकडे ओढत सुटली आहे.

तुम्ही पहिल्यांदा नीट ऐकलंत. मग विचारलंत, "ती आजारी जाऊ कव्हय उठी?"

मी म्हणाले, उठवावी लागेल.

"अखाजीना आधी उठाले पाहिजे," तुम्ही म्हणालात. "पहिला मांडा मी टाकसू."

तिथे खरी गोष्ट होती. आपल्या घरात अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पितरांच्या नैवेद्याचा पहिला मांडा मोठ्या सुनेनेच खापरावर टाकायचा. सासूबाई गेल्यापासून तो मान तुमचा. पुरण भरलेला गोळा तुम्ही दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करायच्या, कोपरापर्यंत येईल एवढा, पदरासारखा पातळ, आणि पालथ्या तापलेल्या खापरावर अलगद सोडायच्या. ज्योतीला कधी शिकवलं नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "शिकाडं तं मंग माले कोन इचारी?" गंमतीत म्हणायच्या, पण त्या हिवाळ्यात खाटेवर बसून तुम्ही रोज दोन्ही हात हवेत झुलवून बघायच्या, आणि उजवा हात झुलायचा, डावा मांडीवर विसरून पडलेला असायचा, तेव्हा मला कळलं की ती गंमत नव्हती.

आबांनी मात्र एका वाक्यात निकाल दिला. "यंदा खापर आनाव नही." चुलीजवळ बसून डावा हात विस्तवात गेला तर तुम्हाला कळणारही नाही, ही त्यांची भीती. ती खोटी नव्हती. तुम्ही तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत. ते नेहमीच गप्प असल्यामुळे त्यांना हे बऱ्याच उशिरा कळलं. मग मीच मध्ये पडून तह केला. पुरणाची हरभऱ्याची डाळ अक्कांनी सुपात एकटीने निवडायची. एकही खडा राहिला नाही तर कुंभाराकडून खापर आणायचं. आबांनी मान हलवली.

पहिल्या दिवशी तुम्ही निवडलेल्या डाळीचं वरण आम्ही खाल्लं. अक्का, त्या वरणात नदी होती. उजवीकडची डाळ मोत्यासारखी आणि डावीकडची जशीच्या तशी, वाळू, खडे, एक तर सुतळीचा तुकडा. आबा दातांखाली कचकच होत असताना न बोलता जेवले. त्यांनी तुम्हाला नापास केलं, पण वाढून मात्र दोनदा घेतलं.

मी सुट्टी वाढवली आणि तुम्हाला शिकवायला बसले. आणि काय शिकवलं? दिवसभर एकच घोशा, "अक्का, उजवीकडे बघू नका. अक्का, उजवीकडे नाही." तुम्ही उजवीकडेच बघायच्या. मी चिडायचे, तुम्ही माझ्या दुप्पट चिडायच्या. चौथ्या पाचव्या दिवशी तुम्ही सूप ढकलून दिलंत आणि म्हणालात, "नही देखानं तं काय देखू, ते तं सांग."

आणि मला एरंडोल आठवलं. त्या मिशा आठवल्या. नजरेला दुसरी जागा द्यावी लागते हे मी जीपमध्ये तुम्हाला ऐकवलं होतं, त्याआधी पंगतीत तुम्ही मला करून दाखवलं होतं, आणि आता आपण दोघीही ते विसरून एकमेकींवर ओरडत होतो. मी उठले, खुंटीवरच्या माळेतली एक लाल वाळकी मिरची तोडली आणि सुपाच्या अगदी डाव्या काठाला टोचून ठेवली. म्हटलं, "अक्का, आधी मिरची शोधा. मिरची दिसली की तिथून निवडायला सुरुवात करा. मध्ये हरवलात तर परत मिरची."

तुम्ही किती वेळ शोधलीत. मान हळूहळू वळत गेली, जणू गंजलेलं कुलूप उघडत होतं. मग थांबली. "हाई देख," तुम्ही म्हणालात. "हाई शे मिरची."

त्यानंतर आपल्या घरात डावीकडे मिरच्याच मिरच्या झाल्या. तुमच्या ताटाच्या डाव्या काठाला मिरची, खाटेच्या डाव्या खुराला, दाराच्या डाव्या चौकटीला. डाव्या हातातल्या बांगड्यांना लाल दोरा. येणाऱ्या माणसांना वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलंय. तुम्ही त्यांना तसंच सांगायच्या. आणि मी कायम तुमच्या डाव्या बाजूला बसायचे. तुम्ही मला शोधायच्या, सापडले की म्हणायच्या, "मियनी. मिरचीनी बहीन." मला धुळ्याला जावं लागलं की फोनवरून सूचना द्यायचे, तर म्हणायच्या, "उंटवरथून शेया हाकू नको. आठे यी बठ."

अखाजीच्या आधीच्या आठवड्यात आबांनी जेवताना तुम्ही निवडलेल्या डाळीचं वरण घेतलं. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. ते सावकाश चावत होते. वाटी संपली, ताट संपलं, हात धुतला. टोपी घालून बाहेर गेले. संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं खापर होतं. तुम्ही उठून उजवीकडच्या भिंतीकडे तोंड करून बसलात. मला वाटलं, पुन्हा बिघडलं. जवळ आले तर तुम्ही रडत होतात. पहिल्यांदाच तुमच्यासमोर कुठे बघावं ते मला सुचलं नाही.

अखाजीला चूल पेटली. मी तुमच्या डाव्या बाजूला पाटावर, हातात मिरची. ज्योती समोर पाण्याचा तांब्या घेऊन, आबा दारात, आणि त्यांचा जीव टांगणीला. तुम्ही गोळा हातावर घेतला. झुलवला. उजव्या हातावर मांडा वाढत गेला, डावीकडे तो लोंबायला लागला, आता फाटणार, आता विस्तवात पडणार. मी बोलले नाही. मिरची उचलून नुसती तुमच्या डाव्या कोपराशी धरली. तुमची मान वळली. तुम्ही मिरचीकडे बघितलंत, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे, असं बघितलंत, जशी फार दिवसांनी माहेरची कोणी भेटावी. डावा हात वर आला. मांडा सावरला. आणि खापरावर गेला.

एका कडेला घडी पडली होती. तेवढी पडणारच. तुम्ही ती बोटाने सरळ केलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "उठनी वं ती जाऊ." मग जरा वेळाने, "पन हाऊ मांडा तुन्या मिरचीनी टाकेल शे, मी नही." आबा दारातून निघून गेले. गोठ्यात जाऊन त्यांनी म्हशीला उगाचच पाणी पाजलं. दुसरा मांडा तुम्ही ज्योतीच्या हातात दिलात. "धर," म्हणालात. "तूबी शिकी ले." तिचे पहिले मांडे नकाशासारखे झाले, ते आम्ही दुधात बुडवून खाल्ले.

त्यानंतरची वर्षं मिळाली, ही कमाई वरची. तुम्ही जवळपास पूर्ववत झालात. तरी आबा रोज जेवणाच्या मध्यावर तुमचं ताट अर्धं फिरवायचे. तुम्ही म्हणायच्या, "दिसस माले आते बठ्ठं." ते फिरवायचेच. तुम्ही भांडायच्या आणि फिरवलेल्या ताटातून ठेचा उचलायच्या. मला वाटतं, आबांच्या सगळ्या न बोललेल्या वाक्यांतलं ते एक वाक्य होतं, रोज दोन वेळा बोललेलं.

मी तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. म्हणजे सांगायची ठरवायचे आणि मग आपण भांडायला लागायचो. वर्गात इतकी वर्षं मी नजरेबद्दल बोलले, पण माझ्याकडे बघितलं ते तुम्ही. नवीन लग्न झालेली, नोकरी करणारी, पोळ्या न येणारी सून म्हणून जेव्हा सगळं घर माझ्या चुकांकडे बघत होतं तेव्हा तुम्ही सासूबाईंना म्हणायच्या, "तिनी साडी देखा, कशी मस्त शे," आणि त्यांची नजर माझ्या करपलेल्या पोळीवरून साडीकडे जायची. मला ते तेव्हाच कळलं होतं. आभार मानले असते तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं, म्हणून मानले नाहीत. आता मानते. काढा वेड्यात.

आणि तो वाद. मी उद्या धुळ्याला परत जाणार, म्हणून तो आजच मिटवते. मी तुमच्या डाव्या बाजूला बसायचे, म्हणजे तुम्ही माझ्या उजवीकडे. या दिवसांत मी त्याच पाटावर बसते आणि माझी मान उजवीकडे वळते. तुमचा पाट रिकामा. मी समोर बघते. पुन्हा उजवीकडे. रिकामा. मला सगळं येतं, अक्का, कोणता अडसर, किती क्षणांचा, सगळं. तुमचा उपायही केला. जिलबी नव्हती, म्हणून खापराकडे बघितलं, ज्योतीच्या बांगड्यांकडे बघितलं. आणि परत तिथेच. ज्योतीने विचारलं, "काकू, काय शोधताय?" मी म्हणाले, चष्मा. चष्मा माझ्या नाकावर होता. तिने माझ्यापुढे चहा ठेवला, शहाणी पोर आहे.

तुम्ही जिंकलात. ही अंदाजाची गोष्ट नाही, जीवाची आहे. आणि त्या दोन जावांचं जे मी तुम्हाला सांगितलं होतं तेही आता मला नीट कळतंय. मला दाबून धरणारं, अडवणारं, उलटून बोलणारं कोणी राहिलं नाही. चूल सगळी माझी. आणि मी एकीकडे कलले आहे.

पण रडून संपवलं तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून कालचं सांगते. काल तुमचं उत्तरकार्य झालं. तुमच्या फोटोपुढे ज्योतीने नैवेद्याचं पान वाढलं, अगदी रीतीने, उजवीकडे भाजी आणि वरण, डावीकडे मीठ, लिंबू आणि ठेचा. मधोमध तिने स्वतः खापरावर टाकलेला मांडा, एका कडेला घडी पडलेला. गुरुजींनी पाणी सोडायला सांगितलं. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मी मिटले नाहीत, तुमचीच जाऊ. म्हणून मला दिसलं. आबा पुढे वाकले आणि त्यांनी ते ताट हळूच अर्धं फिरवलं. ठेचा उजवीकडे आला.

गुरुजी म्हणाले, "आबा, पान असं फिरवत नाहीत."

आबांनी ताटावरचा हात काढला नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आते दिसी तिले."